कार्बोप्लॅटिनच्या मात्रेचे सूत्र : एक परीक्षण

कर्करोगावरील बहुतेक औषधांची मात्रा शरीराच्या पृष्ठफळावरून ठरविण्याचा प्रघात आहे. कार्बोप्लॅटिन हा त्याला ठळक अपवाद होय. हे औषध मुख्यत्वे मूत्रपिंडावाटे शरीराबाहेर जाते. ते शरीरात अधिक काळ साचले, तर अस्थिमज्जेस इजा होऊन रक्तबिंबिका घटतात. म्हणून कॅल्व्हर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये मात्रेची सांगड मूत्रपिंडाच्या कार्याशी घातली. त्यांचे सूत्र असे : मिनिटास मिलिलिटरमध्ये मोजलेल्या गाळणवेगात २५ मिळवावेत आणि त्या बेरजेस अपेक्षित औषधव्याप्तीने गुणावे, येणारा आकडा म्हणजे मिलिग्रॅममधील मात्रा. २५ हा अंक मूत्रपिंडाव्यतिरिक्त अन्य मार्गांनी होणाऱ्या निचऱ्याचा निदर्शक आहे.

सूत्राची तर्कशुद्धता निर्विवाद आहे. तथापि, ते रचताना गाळणवेग किरणोत्सर्गी क्रोमियमच्या साहाय्याने प्रत्यक्ष मोजलेला होता. व्यवहारात मात्र तो बहुधा रक्तातील क्रिएटिनिनवरून, कॉक्रॉफ्ट व गॉल्ट यांच्या १९७६ च्या समीकरणाने अनुमानिला जातो. दोषाचे मूळ येथेच आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून उत्पन्न होते. स्नायू झिजलेल्या रुग्णात ते मूत्रपिंड दुर्बळ असूनही अल्पच आढळते.

उदाहरणार्थ, ७५ वर्षांची, ५० किलोग्रॅम वजनाची स्त्री घ्यावी. तिचे क्रिएटिनिन ०.४ असेल, तर अनुमानित वेग सुमारे ९६ येतो आणि ५ या व्याप्तीसाठी ६०५ मिलिग्रॅम मात्रा निघते. काही ठिकाणच्या प्रथेनुसार क्रिएटिनिन किमान ०.७ धरल्यास वेग ५५ व मात्रा ४०० होते. रुग्ण तीच, सूत्रही तेच. मात्रेत मात्र दीडपट अंतर!

अमेरिकेच्या औषध-नियंत्रक संस्थेने २०१० मध्ये अनुमानित वेगास १२५ ची कमाल मर्यादा घालण्याचा सल्ला दिला. तो योग्यच होता. परंतु उपर्युक्त स्त्रीचा वेग त्या मर्यादेच्या आतच असल्याने तिला त्याचे संरक्षण लाभत नाही. ०.७ ची अटही उपयुक्त असली तरी ती संकेत आहे, मापन नव्हे. तिच्यामुळे क्वचित मात्रा अपुरी पडण्याचाही संभव राहतो.

तात्पर्य, उणीव सूत्रात नसून त्यात घातल्या जाणाऱ्या अंकात आहे. कृश व वृद्ध रुग्णांच्या बाबतीत शक्य तेथे गाळणवेग प्रत्यक्ष मोजणे, आणि ते शक्य नसेल तेथे अंक कसा मिळविला याची मात्रेसोबत नोंद ठेवणे, हीच खरी सावधगिरी होय.