खिशातला सेल आणि वर्तमानपत्रातले आकडे

परीक्षण : 'इलेक्ट्रॉनिक सिगारेट फायर्स अँड एक्स्प्लोजन्स इन द युनायटेड स्टेट्स, २००९–२०१६'. लेखक : लॉरेन्स मॅकेना. प्रकाशक : युनायटेड स्टेट्स फायर अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, जुलै २०१७.

वीज हा पाठ शिकवताना आपण सगळेच मुलांना एक गोष्ट बजावून सांगतो. भिंतीवरच्या प्लगला हात लावू नका. प्रयोग करायचा तर विजेरीचा सेल घ्या. २३० व्होल्ट जीव घेतात, दीड व्होल्ट काही करत नाहीत. विजेरीच्या सेलची दोन टोके तारेने जोडून तार कशी तापते हे आपल्यापैकी अनेकांनी वर्गात दाखवलेही असेल. ही शिकवण चुकीची नव्हती. पण ती ज्या सेलसाठी होती तो सेल आता मुलांच्या हातात फारसा राहिलेला नाही. त्याची जागा लिथियम-आयन सेलने घेतली आहे, आणि या सेलच्या बाबतीत 'व्होल्ट कमी म्हणजे धोका कमी' हा नियम लागू पडत नाही. ज्या अहवालाचे परीक्षण आम्ही येथे करत आहोत, तो वाचताना हे प्रकर्षाने जाणवते.

अहवाल अमेरिकेतला आहे आणि विषय ई-सिगारेटच्या बॅटरीला लागणाऱ्या आगींचा आहे. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात या सर्वांवर बंदी आहे. मग आपल्या शिक्षकांनी तो का वाचावा? एक तर त्यातला सेल बंदीत नाही. तो लॅपटॉपमध्ये आहे, पॉवर बँकेत आहे, नव्या विजेऱ्यांत आहे, आणि जुन्या बॅटऱ्या फोडून विज्ञान प्रदर्शनाचे मॉडेल करणाऱ्या मुलांच्या दप्तरातही आहे. दुसरे, आकडे कोठून आले हे विचारल्याशिवाय त्यांवर किती विसंबावे, याचा हा अहवाल म्हणजे एक चांगला धडा आहे. ई-सिगारेटमधील निकोटिनचे दुष्परिणाम हा वेगळा आणि मोठा विषय आहे. त्यात आम्ही येथे शिरत नाही.

अहवाल काय सांगतो

जानेवारी २००९ ते डिसेंबर २०१६ या आठ वर्षांत अमेरिकेतील प्रसारमाध्यमांत आलेल्या बातम्यांवरून ई-सिगारेटला आग लागण्याच्या वा स्फोट होण्याच्या १९५ घटना लेखकाने गोळा केल्या. त्यांतील ६१ घटनांत उपकरण किंवा सुटा सेल खिशात होता. ६० घटना वापर चालू असताना, ४८ बॅटरी चार्ज होत असताना आणि १८ वस्तू नुसती ठेवलेली असताना घडल्या. एक घटना मालवाहू विमानातील वाहतुकीच्या वेळची, आणि उरलेल्या ७ घटनांत नेमकी स्थिती कळली नाही. या सर्वांत मिळून १३३ जणांना इजा झाली. त्यांपैकी ३८ जणांची इजा गंभीर होती. त्या काळात अमेरिकेत मृत्यूची नोंद नव्हती. पुढे २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्ससमध्ये अशा स्फोटांत माणसे दगावली.

अहवालाचा सर्वांत मोलाचा भाग आकाराविषयीचा आहे. लॅपटॉपमध्ये असे सेल एका पेटीत शेजारी शेजारी बसवलेले असतात. ई-सिगारेटमध्ये सेल एका अरुंद नळीत असतो आणि नळीचा सर्वांत कमकुवत भाग तिच्या टोकाला असतो. सेल बिघडून आत वायूचा दाब वाढला की टोक सुटते आणि नळी दिवाळीतल्या बाणासारखी सुसाट जाते, किंवा आतला सेल बाहेर फेकला जातो. लेखक आणखी एक गोष्ट नजरेस आणतो : असा सेल शरीराच्या इतक्या जवळ, थेट तोंडाशी धरायला लावणारी दुसरी सर्वसामान्य वस्तू सापडत नाही. ज्यांना यंत्राचा आकार ही केवळ दिसण्याची बाब वाटते, त्यांनी हा भाग जरूर वाचावा.

'उच्च दाब' हा शब्द आणि खरा धोका

या उपकरणांच्या बाजारात 'हाय व्होल्टेज' हा शब्द फार चालला. शब्द ऐकून वाटते, शेकडो व्होल्ट असतील. प्रत्यक्षात पहिल्या बारीक कांड्यांमध्ये ३.७ व्होल्टचा एक सेल असे. 'उच्च दाबाच्या' उपकरणात पाच-सहा व्होल्ट, किंवा दोन सेल एकापुढे एक लावून पूर्ण चार्ज असताना ८.४ व्होल्ट. एवढ्याने हाताला झटकासुद्धा बसत नाही. धोका दाबात नाही, प्रवाहात आहे.

दहावीच्या विद्यार्थ्याला येणारे गणित करून पाहू. ई-सिगारेटमध्ये तारेचे एक वेटोळे तापते आणि द्रवाची वाफ करते. जुन्या कांडीत वेटोळ्याचा रोध अडीच ओहमच्या आसपास असे. ३.७ भागिले २.५ म्हणजे साधारण दीड अँपिअर प्रवाह, आणि साडेपाच वॅट शक्ती. आता अधिक वाफेच्या हौसेने वेटोळे ०.२ ओहमचे केले आणि पूर्ण चार्ज केलेला ४.२ व्होल्टचा सेल लावला, तर प्रवाह होतो २१ अँपिअर आणि शक्ती ८८ वॅट. वेटोळे ०.१ ओहमचे असेल तर प्रवाह ४२ अँपिअर. या प्रकारच्या चांगल्या प्रतीच्या सेलमधून सतत घेता येणारा प्रवाह पुष्कळदा २० अँपिअरच्या आसपास असतो. म्हणजे सेल त्याच्या क्षमतेच्या दुप्पट राबवला जातो, आणि तेही ओठांपासून चार बोटांवर.

'मेकॅनिकल मॉड' नावाच्या प्रकारात सेल आणि वेटोळे यांच्यामध्ये फक्त एक बटन असते. प्रवाह मर्यादेत ठेवणारे कोणतेही मंडल नसते. दोन सेल एकसरीत लावले आणि त्यांतील एक जुना असेल तर तो आधी रिकामा होतो. दुसरा सेल त्याच्यातून प्रवाह ढकलतच राहतो आणि रिकामा सेल उलट दिशेने भरू लागतो. आतून नासण्याचा हा सरळ मार्ग.

खिशातल्या ६१ घटनांचे कोडेही येथेच सुटते. या सेलला '१८६५०' म्हणतात : व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर, आणि शेवटचे शून्य म्हणजे आकार दंडगोल. त्याचे वरचे बटन धन असते आणि उरलेला सगळा धातूचा डबा ऋण असतो. डब्यावर केवळ प्लॅस्टिकचे पातळ वेष्टन असते. ते फाटले असेल, किंवा वरच्या कडेशी किल्ली टेकली, की धन आणि ऋण जोडले गेलेच. सेलचा अंतर्गत रोध ओहमच्या काही शतांश इतकाच असतो. तो ०.०४ ओहम धरला तर ४.२ भागिले ०.०४ म्हणजे सुमारे शंभर अँपिअर! आपल्या जुन्या कोरड्या सेलचा अंतर्गत रोध याच्या कितीतरी पट जास्त असल्याने त्यातून काही अँपिअरच वाहत. तो सुरक्षित होता तो कमी व्होल्टमुळे नव्हे, तर स्वतःच्या आळशीपणामुळे.

सेल तापल्यावर पुढे काय होते तेही पाहू. आतील धन आणि ऋण पट्ट्यांमध्ये प्लॅस्टिकचा एक पडदा असतो, त्याची जाडी मिलिमीटरच्या काही शतांश. सुमारे १०० अंश सेल्सिअसच्या आसपास ऋण पट्टीवरील संरक्षक थर मोडू लागतो आणि त्यातून आणखी उष्णता निघते. सुमारे १३० अंशांना पॉलिथिलीनचा पडदा वितळतो. तापमान २०० अंशांच्या पुढे गेले की धन पट्टीतील ऑक्साइडमधून प्राणवायू सुटू लागतो. सेलमधील द्रव ज्वालाग्राही असतो. इंधन, उष्णता आणि प्राणवायू, ज्वलनाच्या त्रिकोणाच्या तिन्ही बाजू एकाच बंद डब्यात! २.५ अँपिअर-तासांच्या सेलमध्ये साठलेली विद्युत ऊर्जा सुमारे ३२ हजार ज्यूल असते. एवढ्या ऊर्जेत १०० मिलिलिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत येते. एक कप चहाचे आधण क्षणार्धात मांडीवर, असे म्हटले तर मुलांना ते पटकन समजेल. द्रव पेटल्याची उष्णता त्यात धरलेली नाही.

अहवाल कोठे उणा पडतो

पहिला आक्षेप माहितीच्या स्रोताचा. १९५ हा आकडा घडलेल्या घटनांचा नाही, छापून आलेल्या घटनांचा आहे. खिशात आग लागलेला माणूस बातमी होतो. कपाटात काळवंडलेला सेल बातमी होत नाही. 'टोबॅको कंट्रोल' या नियतकालिकात २०१८ साली आलेल्या एका अभ्यासाने वेगळी वाट धरली. अमेरिकेतील निवडक रुग्णालयांच्या नोंदींवरून देशाचा अंदाज बांधला, तर २०१५ ते २०१७ या तीनच वर्षांत ई-सिगारेटच्या स्फोटाने वा भाजल्याने तातडीच्या विभागात आलेल्या जखमा २०३५ निघाल्या. हा अंदाज आहे, आणि त्याची व्याप्ती ११०७ ते २९६४ इतकी रुंद आहे. दोन्हींची वर्षे आणि मोजण्याची पद्धत वेगळी असल्याने थेट तुलना करता येणार नाही. तरीही आठ वर्षांत १३३ आणि तीन वर्षांत किमान अकराशे, हे अंतर केवळ पद्धतीच्या फरकाने भरून निघणारे नाही. वर्तमानपत्राच्या चाळणीतून बहुतेक दाणे गळून गेले, असेच म्हणावे लागते.

दुसरा आक्षेप वर्गीकरणाचा. खिशात, वापरताना, चार्ज होताना, ही उत्तरे 'केव्हा' या प्रश्नाची आहेत. 'का' या प्रश्नाचे उत्तर त्या तक्त्यात मिळत नाही, आणि बातम्यांवरून ते मिळणेही कठीण. वेटोळे किती ओहमचे होते, सेलचे वेष्टन शाबूत होते काय, हे वार्ताहर विचारत नाही. याच संस्थेच्या २०१४ च्या आधीच्या अहवालात २५ घटनांपैकी २० चार्ज होताना घडलेल्या होत्या, म्हणजे ८० टक्के. २०१७ मध्ये हे प्रमाण २५ टक्क्यांवर आले आणि खिसा पुढे गेला. तीन वर्षांत चार्जर सुधारले काय? आमच्या मते मुख्य कारण उपकरण बदलले हे असावे. बारीक कांडी जाऊन सुटे सेल घालायची जाड उपकरणे आली, आणि सुटा सेल खिशात फिरू लागला. अर्थात हा आमचा तर्क आहे. तो पारखायला लागणारी माहिती तक्त्यात नाही.

तिसरा आणि सर्वांत मोठा मतभेद निष्कर्षाविषयी. सध्याचे लिथियम-आयन सेल या उपकरणांना सुरक्षित ऊर्जास्रोत नाहीत, असे अहवाल म्हणतो. शरीराशी असलेली जवळीक पाहता हे म्हणणे उडवून लावता येणार नाही. पण त्याच जातीचा सेल लॅपटॉपमध्ये वर्षानुवर्षे मुकाट काम करतो, कारण तेथे प्रवाह, तापमान आणि दाब यांवर लक्ष ठेवणारे मंडल असते, आणि सेल वापरणाऱ्याच्या हाती सुटा लागत नाही. दोष एकट्या रसायनाच्या पदरी घातला की बिनमंडलाचे उपकरण बनवणारा सुटतो. २०१८ मध्ये ई-सिगारेटच्या विद्युत व्यवस्थेसाठी 'यूएल ८१३९' हे मानक आले, ते सेल, मंडल आणि चार्जिंग यांचा एकत्र विचार करते. ही दिशा आम्हांस अधिक योग्य वाटते. मात्र एक खरे : मंडल उपकरणात असते, खिशात नसते. सुट्या सेलच्या बाबतीत कोणतेही मानक किल्लीला थांबवू शकत नाही.

वर्गासाठी

हे उणेपण असूनही अहवाल वाचनीय आहे. तो थोडक्यात आहे आणि त्याची भाषा सोपी आहे. त्याचा वर्गात दोन प्रकारे उपयोग करता येईल. वरची उदाहरणे कागदावर सोडवून घ्यावीत, म्हणजे ओहमचा नियम पुस्तकातून खिशापर्यंत येईल. आणि मुलांना विचारावे, 'आपल्या गावातील सर्पदंश वर्तमानपत्रावरून मोजले तर किती भरतील? आरोग्य केंद्रातील नोंदींवरून किती?' आकड्यांकडे पाहण्याची दृष्टी अशानेच येते.

प्रत्यक्ष प्रयोग मात्र साध्या कोरड्या सेलवरच करावा. सेलचे विभवांतर आधी मोकळे आणि मग दहा ओहमचा रोधक जोडून मोजावे. मोकळे १.५० आणि जोडल्यावर १.४३ व्होल्ट आले, तर अंतर्गत रोध सुमारे अर्धा ओहम निघतो. मग हाच हिशेब ०.०४ ओहम धरून करायला सांगावा. लिथियम-आयन सेल वर्गात उघडू नये, तारेने जोडून दाखवू नये, जुन्या बॅटरीतून काढलेला सेल प्रदर्शनाच्या मॉडेलमध्ये वापरू देऊ नये. सुटा सेल न्यायचाच असेल तर तो प्लॅस्टिकच्या डबीत, एकटा न्यावा. वेष्टन फाटलेला किंवा फुगलेला सेल कचऱ्यात न टाकता इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्यांकडे द्यावा.

'सेल घ्या, तो काही करत नाही' हे वाक्य आपण वर्षानुवर्षे उच्चारत आलो. यापुढे त्याआधी एक प्रश्न विचारावा लागेल : कोणता सेल?