विकल्प-विशिष्ट प्राइमर : नकाराच्या प्रामाण्याची परीक्षा

पवनेच्या एका तीरावर पिंपरीचा कॅम्प, दुसऱ्या तीरावर काळेवाडी. फाळणीनंतर कॅम्पात सिंधी कुटुंबे स्थिरावली; पुढे कारखान्यांमुळे काळेवाडीत ठिकठिकाणची माणसे आली. बीटा-थॅलसेमियाचे जनुकीय निदान करणाऱ्या प्राइमरांची खरी कसोटी अशाच संमिश्र वस्तीत लागते.

१९८९ साली न्यूटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या ‘आर्म्स’ पद्धतीचे तत्त्व सुटसुटीत आहे. प्राइमरचे वाढते टोक उत्परिवर्तनाच्या जागी आणावे. ते जुळल्यास टॅक पॉलिमरेज साखळी वाढविते, न जुळल्यास वाढवीत नाही. या विकरास चुकीचे टोक छाटता येत नाही, यावरच सारी भिस्त आहे. परंतु ग्वानिन-थायमिन यांसारखी सौम्य विजोड जोडी हा विकर पुष्कळदा खपवून घेतो. यास्तव टोकानजीक दुसरी विजोड हेतुतः घालावी लागते : टोकाची सौम्य असेल तर ही प्रखर, ती प्रखर असेल तर ही सौम्य. हे तारतम्य सुटले, तर प्राइमर सर्वांनाच ‘होय’ म्हणतो, किंवा कोणालाच म्हणत नाही.

पद्धतीचे मर्म मात्र नकारात आहे. पट्टा न उमटणे हेही उत्तर मानावयाचे, तर प्रक्रिया चालली होती याची साक्ष त्याच नळीतील नियंत्रक जोडीने दिली पाहिजे. ही साक्ष केवळ उपचार नव्हे. भारतात सर्वाधिक आढळणारे उत्परिवर्तन पहिल्या इन्ट्रॉनच्या पाचव्या स्थानी ग्वानिनऐवजी सायटोसिन येण्याचे आहे. सिंधी समाजात मात्र ६१९ बेसजोड्यांचा लोप विशेष आढळतो. एका अक्षरासाठी रचलेले टोक या लोपापुढे निरुपयोगी ठरते. तथापि याच जनुकाच्या अंत्य भागावर बसविलेली प्रचलित नियंत्रक जोडी एरवी ८६१ बेसजोड्यांचा पट्टा देते, आणि लोप असता २४२ चा. नियंत्रक दुसऱ्याच जनुकातून घेणारा संशोधक हा पुरावा आपल्या हातानेच गमावतो.

आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास रोग होण्याची शक्यता चारांत एक असते. म्हणून आडनाव पाहून उत्परिवर्तनांची यादी आखडणे अनुचित होय. हिमोग्लोबिन ए-२ वाढलेले असता ‘उत्परिवर्तन नाही’ असा निर्वाळा देणे तर अशास्त्रीयच. कोणती उत्परिवर्तने शोधली आणि त्यांपैकी कोणती आढळली नाहीत, एवढेच अहवालात लिहावे. प्राइमर विचारलेल्या प्रश्नापुरतेच उत्तर देतो. न विचारलेल्याची जबाबदारी रचनाकाराची.