उपपद, शब्दयोगी अव्यय आणि ‘रेन अँड मार्टिन’ : एक चिकित्सा

इंग्रजी व्याकरण म्हणजे ‘रेन अँड मार्टिन’ हे समीकरण महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांच्या मनात दृढ आहे. 1930 च्या दशकातील या ग्रंथाचे एक कर्ते पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात अधिकारी होते. ग्रंथाची शिस्त वादातीत आहे. तथापि मराठी भाषक विद्यार्थी जेथे हमखास अडखळतो, तेथे हा ग्रंथ कितपत साह्यभूत ठरतो, हे तपासणे अगत्याचे आहे.

शाळा, तुरुंग, रुग्णालय ही स्थळे मूळ प्रयोजनासाठी वापरली असता ‘द’ गळतो, असा नियम ग्रंथात दिला आहे. रुग्ण ‘इन हॉस्पिटल’ असतो, त्याला भेटणारा ‘टु द हॉस्पिटल’ जातो. नियम अर्थाधिष्ठित असल्याने स्मरणात राहतो. परंतु चित्रपट पाहण्यासाठीच निघालेला मनुष्यही ‘टु द सिनेमा’ जातो आणि कामासाठी निघालेला ‘टु द ऑफिस’. येथे मूळ प्रयोजनाचे काय झाले? अमेरिकेत तर रुग्णही ‘इन द हॉस्पिटल’ असतो. वस्तुतः ही ठरावीक नामांची रूढी होय. ती नियमाच्या वेषात आल्याने विद्यार्थी तिला भलत्याच नामांना लावतो व गुण गमावतो.

‘अ’ आणि ‘ॲन’ यांचा निकष ध्वनी, हे ग्रंथ योग्यच सांगतो. वर्गात मात्र त्याचे पाच स्वराक्षरांत रूपांतर होते. गंमत अशी की, ‘युनिव्हर्सिटी’, ‘ऑनेस्ट’, ‘एमएलए’ हे शब्द देवनागरीत लिहिताच उत्तर डोळ्यांसमोर उभे राहते.

शब्दयोगी अव्ययांच्या बाबतीत ग्रंथाची उणीव अधिक गंभीर आहे. कोणत्या नाम-विशेषणांपुढे कोणते अव्यय, याच्या नुसत्या याद्या तेथे आढळतात. ‘भावावर रागावला’ यातील ‘वर’मुळे ‘अँग्री ऑन’, ‘तिच्याशी लग्न’ यातील ‘शी’मुळे ‘मॅरिड विथ’, आणि ‘विषयी चर्चा’ यामुळे ‘डिस्कस अबाउट’ अशी रूपे निपजतात. या चुकांमागे मराठीचाच तर्क कार्यरत असतो. यादीला त्याचा पत्ता नसतो. मराठीशी तुलना केल्यास भेद सहज उमगतो. ‘बसच्या पुढे’ म्हणजे ‘इन फ्रंट ऑफ द बस’. ‘बसमध्ये पुढे’ म्हणजे ‘इन द फ्रंट ऑफ द बस’. मराठी जो भेद ‘च्या’ आणि ‘मध्ये’ यांनी दाखविते, तो इंग्रजीत एका ‘द’वर अवलंबून असतो.