ब्लांशची भीती : बेर्नानोस ह्यांच्या एका नाटकाचे पुनर्वाचन

भीतीविषयी आपल्या उपदेशपीठांवरून जे बोलले जाते, ते बहुधा दोन वाक्यांत आटोपते. भीती ही विश्वासाची उणीव होय, आणि विश्वास वाढला की भीती जाते. हे ऐकून ज्याची भीती खरोखर गेली, असा मनुष्य आमच्या पाहण्यात नाही. भीतीच्या जोडीला लज्जाही घेऊन घरी परतणारे मात्र आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. म्हणून फ्रेंच लेखक झोर्झ बेर्नानोस ह्यांचे कर्मेल मठातील भगिनींवरील संवादनाट्य आम्ही पुन्हा वाचावयास घेतले. आमच्या वाचकांपैकी काहींस ते पूलाँक ह्यांच्या १९५७ सालच्या संगीतिकेमुळे ठाऊक असेल. परंतु मूळ संहिता वाचनासाठी अधिक मोलाची आहे.

प्रथम इतिहास. फ्रान्समधील काँपिएन्य ह्या गावी कर्मेल संघाचा एक मठ होता. राज्यक्रांतीच्या सरकारने सप्टेंबर १७९२ मध्ये तो रिकामा करविला. भगिनींनी साधी वस्त्रे घातली, गावात चार ठिकाणी बिऱ्हाडे केली आणि आपला प्रार्थनाक्रम गुपचूप चालू ठेवला. १७ जुलै १७९४ रोजी त्यांपैकी सोळा जणींचा पॅरिसमध्ये गिलोटिनखाली शिरच्छेद झाला. पुढल्या दहा दिवसांत रोब्सपिएरची सत्ता कोसळली. १९०६ साली रोमने त्यांस धन्य म्हणून घोषित केले आणि डिसेंबर २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस ह्यांनी संतपद दिले.

ह्या सोळांत ब्लांश नाही. ती जर्मन लेखिका गेर्ट्रूड फॉन ले फोर ह्यांनी १९३१ च्या आपल्या दीर्घकथेत निर्माण केली. जर्मनीवर पुढे काय कोसळणार ह्याची जी धास्ती लेखिकेच्या मनात होती, तिच्यातून ही मुलगी जन्मली, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. तिचे आडनाव 'द ला फोर्स', म्हणजे 'बळाची', हे लेखिकेच्या स्वतःच्या नावावरून बेतलेले आहे. बळाचे नाव धारण करणारी ही मुलगी भिंतीवरील सावली पाहूनही किंचाळते.

बेर्नानोस ह्यांनी ह्या कथेवरील चित्रपटासाठी संवाद लिहिले ते १९४७-४८ मध्ये, ट्युनिशियात. लिहून झाल्यावर थोड्याच महिन्यांत, जुलै १९४८ मध्ये, ते कर्करोगाने निवर्तले. पुस्तक त्यांच्या मागे, १९४९ साली निघाले. मरणाची वाट पाहणाऱ्या मनुष्याने मरणाच्या भीतीवर लिहिलेले हे पुस्तक आहे, आणि तरीही त्यात स्वतःविषयीची कणव कोठे नाही. हा गुण आम्हांस फार मोठा वाटतो.

ब्लांश मठात येते ती जगाच्या भीतीने. वृद्ध मठाध्यक्षा मादाम द क्रोईस्सी हे पहिल्याच भेटीत ओळखते. मठ हा काही लपण्याचा किल्ला नव्हे, हे ती तिला स्पष्ट बजावते. मात्र भ्याड म्हणून तिला परत पाठवीत नाही. ब्लांश स्वतःसाठी नाव मागते ते 'ख्रिस्ताच्या प्राणांतिक वेदनेची ब्लांश' असे. हेच नाव तरुणपणी मठाध्यक्षेच्याही मनात आलेले असते. संपूर्ण नाटक ह्या नावाभोवती फिरते.

येथे आपण शास्त्राकडे वळलेच पाहिजे. गेथशेमानेच्या वर्णनात मार्काने जे ग्रीक शब्द योजले आहेत, त्यांत केवळ खेद नाही. हादरून जाणे, जीव कासावीस होणे आहे. इब्री लोकांस पत्राचा लेखक (५ : ७) त्या रात्रीचा आक्रोश आणि अश्रू लपवीत नाही. पुष्कळ टीकाकारांनी प्रभूच्या ह्या भयाचा अर्थ सौम्य करण्याची खटपट केली आहे. बेर्नानोस तसे करीत नाहीत. त्यांच्या दृष्टीने प्रभू ज्या ठिकाणी भ्याला, ते ठिकाण त्याने आपलेसे केले. म्हणून भीतीलाही देवाच्या घरात जागा आहे. मराठी ख्रिस्ती भाषेत तर आपण 'भय' हा एकच शब्द परमेश्वरासमोरील आदरासाठीही वापरतो आणि अंधारातल्या थरकापासाठीही. आपल्या भाषेने ह्या दोहोंत भिंत घातली नाही, ह्याचा उपयोग आपण उपदेशात क्वचितच करून घेतो.

नाटकातील सर्वांत धाडसी प्रसंग मठाध्यक्षेच्या मृत्यूचा. आयुष्यभर मरणाचे चिंतन केलेली ही स्त्री मरताना शांत नाही. ती तळमळते, देवाविषयी कटू बोलते, मठाच्या विध्वंसाचे दर्शन पाहून ओरडते. आणि हे इतर भगिनींच्या कानी पडू नये म्हणून मदर मारी खिडक्या लावून घेण्यास सांगते. आमच्यापैकी ज्यांनी मरणोन्मुखाच्या खाटेपाशी रात्र काढली आहे, त्यांस ही खिडकी लावण्याची घाई परिचयाची वाटेल. उत्तम विश्वासणाऱ्याचे मरण उत्तमच झाले पाहिजे, असा आपला हट्ट असतो, आणि तसे न झाल्यास अंत्यविधीच्या वेळी आपण ते सावरून सांगतो. बेर्नानोस सावरीत नाहीत. बालसुलभ भगिनी कॉन्स्तांस पुढे म्हणते की हे मरण मठाध्यक्षेच्या मापाचे नव्हतेच. चुकून दुसऱ्या कोणाचे तरी तिच्या अंगावर आले असावे, आणि त्या दुसऱ्या व्यक्तीस आपले मरण आश्चर्य वाटावे इतके सोपे जाईल. प्रेषितांच्या मतांगीकारात आपण पवित्र जनांच्या संगतीची कबुली देतो. तिचा इतका मूर्त अर्थ आम्ही नाट्यवाङ्मयात अन्यत्र वाचलेला नाही.

परंतु नाटकाचा शेवट आम्हांस पूर्णपणे पटत नाही. रक्तसाक्षीपणाच्या शपथेनंतर मठातून पळून गेलेली ब्लांश, भगिनी एकामागून एक वधस्थानी चढत असता, गर्दीतून पुढे येते आणि तुटत चाललेले गीत पुढे चालविते. त्या क्षणी तिच्या मुद्रेवर भीतीचा लवलेश उरलेला नाही, असे नाटककार रंगसूचनेत सांगतात. मठाध्यक्षेने तिची भीती आधीच भोगून संपविली, असे ह्याचे समर्थन करता येईल, आणि ते नाटकाच्या अंतर्गत न्यायास धरून आहे. तरीही प्रश्न उरतो. भीतीच उरली नाही, तर तिला न जुमानता उचललेले पाऊल ते कोणते? नाटकभर ज्या भीतीची पाठराखण केली, तिला लेखकाने शेवटच्या पानावर निरोप दिला. पाठीवर भीतीचे ओझे तसेच असता ब्लांश त्या पायऱ्यांकडे गेली असती, तर आमच्या मंडळीतील भित्र्या माणसांस ती अधिक जवळची झाली असती.

ह्या बाबतीत इतिहास नाटकाहून अधिक सांगतो. नाटकात शपथेचा निर्णय एका गुप्त मतदानाने होतो. एक मत विरुद्ध पडते, सर्वांच्या नजरा ब्लांशकडे वळतात, आणि कॉन्स्तांस ते मत आपले म्हणून सांगते. प्रसंग रंगतदार आहे. प्रत्यक्षात मठाध्यक्षा मादाम लिद्वान हिने १७९२ मध्ये आत्मार्पणाची सूचना मांडली, तेव्हा बिचकल्या त्या तरुण भगिनी नव्हेत, तर सर्वांत वडील अशा दोघी, पंचाहत्तरी ओलांडलेल्या. गिलोटिनच्या कल्पनेनेच त्या मागे सरल्या. नंतर रडत क्षमा मागून त्या सामील झाल्या. त्यानंतर भगिनी हे अर्पण रोज उच्चारीत राहिल्या. जवळजवळ दोन वर्षे, उसन्या बिऱ्हाडांत, साध्या कपड्यांत, रोज तेच शब्द. त्या दोघी वृद्धांपैकी एक, भगिनी शार्लोत. पॅरिसच्या तुरुंगापाशी हात बांधलेले आणि कुबडी नाही, अशा स्थितीत गाडीतून उतरता येईना, तेव्हा रक्षकाने तिला फरसबंदीवर फेकून दिले. रक्तबंबाळ अवस्थेत तिने त्यास क्षमेचे शब्द ऐकविले. हे धैर्य एका रात्रीत आले नव्हते. रोजच्या उच्चाराने ते अंगी मुरले होते, जसे स्तोत्र मुरते. बेर्नानोस ह्यांनी कृपेचा झटका दाखविला, तिची शाळा दाखविली नाही. उमेदवार उपदेशकांस शिकविणाऱ्यांनी नाटकाबरोबर हा इतिहासही हाती द्यावा, असे आम्ही सुचवितो.

मदर मारीचे चित्रण मात्र निर्दोष आहे. शपथेसाठी सर्वांहून उत्सुक तीच, आणि वधस्थानी नसते तीही तीच. शूर म्हणून मिरविण्याची संधी नाटककार तिच्याकडून काढून घेतात, आणि वाचकास प्रथम ते अन्यायाचे वाटते. प्रत्यक्षातही ती त्या दिवसांत कामानिमित्त पॅरिसला गेलेली असल्याने अटकेतून वाचली. त्यानंतर ती चाळीसहून अधिक वर्षे जगली, मृत भगिनींच्या आठवणी तिने लिहून काढल्या, आणि १८३६ साली, तिच्याच मृत्यूच्या वर्षी, त्या छापल्या गेल्या. ले फोर ह्यांनी आपली कथा त्याच पानांवरून उभारली.