चित्रातला मासा आणि तळाशी बसलेला मासा

फ्रान्सिस डे यांचा 'द फिशेस ऑफ इंडिया' (१८७५-७८) हा ग्रंथ आज दीडशे वर्षांच्या घरात आला आहे. तरीही आपल्याकडील मासा ओळखताना अभ्यासक त्याचा आधार घेतात. लष्करी डॉक्टर म्हणून भारतात आलेले डे पुढे मत्स्यव्यवसायाचे महानिरीक्षक झाले. परांतील काटे व खवल्यांच्या रांगा त्यांनी मोजून नोंदवल्या, माशांची बोलीनावेही दिली. या काटेकोरपणाविषयी आम्हाला आदर आहे. प्रश्न इतकाच, की वर्गात शिकवताना त्यातली चित्रे कितपत पुरी पडतात?

एकच मासा घेऊ. प्रवाळ-खडकांजवळच्या वाळूत राहणाऱ्या छोट्या गोबींचा हा गोड्या पाण्यातला नातलग गोदावरीच्या खोऱ्यातही सापडतो. हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये त्याचे वर्णन केले. डे यांच्या ग्रंथात तो 'गोबिअस जिउरिस' आहे, आज त्याला 'ग्लॉसोगोबिअस जिउरिस' म्हणतात. 'ग्लॉसो' म्हणजे जीभ. याच्या जिभेच्या टोकाला खाच असते. पोटाखालचे दोन पर जुळून त्यांची वाटी झालेली असते. वाळूवर किंवा चिखलावर टेकून बसणाऱ्या माशाला ती सोयीची.

आता डे यांचे चित्र पाहा. मासा एका कुशीने दिसतो, भोवती कोरा कागद. जीभ तोंडात, वाटी पोटाखाली. दोन्ही खुणा नीट दिसत नाहीत. पर जुळल्याचे मजकुरात आहे, पण चित्रात तळच नाही! मोजमापासाठी असे चित्र योग्यच. दोष आहे तो हीच रीत शाळेच्या तक्त्यांत जशीच्या तशी आणण्यात. त्यामुळे सगळे मासे मधल्या पाण्यात पोहतात, असा मुलांचा समज होतो.

कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेल्या नवेगाव बांधाच्या काठचे उदाहरण कल्पून पाहू. ढिवराच्या घरातले मूल मासा हातात घेते, उलटून पाहते. त्याने परीक्षेत मासा पोटाकडून काढला, तर गुण द्यावेत का? आमच्या मते जरूर द्यावेत.

शिक्षकांनी बाजारातून एक मासा आणावा. कुशीकडून, पोटाकडून आणि तोंड उघडून, अशी तीन चित्रे मुलांकडून काढून घ्यावीत. डे यांचे वर्णन त्यानंतर वाचून दाखवावे. त्यातील शब्दन् शब्द मुलांना कळेल.