गावचा न्याय गावातच : एका निकालपत्राची चिकित्सा

न्यायालयाचे निकालपत्र म्हणजे वाङ्मय नव्हे, असे आपल्या समीक्षेने गृहीत धरले आहे. मला हे मान्य नाही. कवितेतील एका प्रतिमेवर आपण पानेच्या पाने खर्च करतो. आणि ज्या भाषेने लाखो माणसांच्या जगण्या-मरण्याचा हिशेब होतो, ती भाषा मात्र वकिलांवर सोपवून मोकळे होतो. म्हणून न्यूयॉर्कच्या संघीय जिल्हा न्यायालयाचे न्यायाधीश जॉन कीनन यांनी १२ मे १९८६ रोजी भोपाळसंबंधी दिलेले निकालपत्र मी येथे विचारासाठी घेत आहे.

प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळमधील युनियन कार्बाइडच्या कीटकनाशकांच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला. कारखान्यालगत जयप्रकाशनगर, काझी कँप अशा हातावर पोट असणाऱ्यांच्या वस्त्या होत्या. कोणी झोपेत मेले, कोणी पळता पळता मेले. कारखाना भारतीय कंपनीच्या नावावर होता. पण तिचे ५०.९ टक्के भाग अमेरिकन मूळ कंपनीच्या हाती होते. १९८५ साली संसदेने कायदा करून सर्व पीडितांच्या वतीने दावा चालवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे दिला आणि सरकारने अमेरिकेतील न्यायालयात दाद मागितली. कंपनीचे उत्तर सरळ होते : हा दावा भारतात चालवा. आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या कायद्यात या युक्तिवादाला ‘फोरम नॉन कन्व्हिनियन्स’ असे लॅटिन नाव आहे. अर्थ एवढाच की, हे न्यायालय गैरसोयीचे आहे. कोणाच्या गैरसोयीचे, हे नावात सांगितलेले नाही.

मग एक विचित्र वाद उभा राहिला. भारत सरकार म्हणू लागले की, आमची न्यायालये एवढा मोठा दावा पेलण्यास असमर्थ आहेत. आणि नानी पालखीवालांसारखे मुंबईचे नामांकित कायदेपंडित परदेशी कंपनीच्या बाजूने प्रतिज्ञापत्र देऊन सांगू लागले की, भारतीय न्यायालये पूर्ण समर्थ आहेत. न्यायाधीशांनी कंपनीचे म्हणणे मान्य केले. साक्षीदार भारतात, कागदपत्रे भारतात, दुर्घटनाही भारतातच. या कारणांत तथ्य आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. पण शेवटाकडे निकालपत्राची भाषा बदलते. हा दावा अमेरिकेत ठेवणे म्हणजे साम्राज्यवादाचे आणखी एक उदाहरण ठरेल, भारतीय न्यायसंस्थेला जगासमोर ताठ मानेने उभे राहण्याची संधी मिळाली पाहिजे, असे न्यायाधीश सांगतात. ज्या क्षणी पीडिताला दारातून परत पाठवले जाते, त्याच क्षणी त्याच्या स्वाभिमानाचा गौरव होतो!

दलित वाचकाने येथे सावध झाले पाहिजे. ही भाषा आपल्याला नवी नाही. ‘गावचा न्याय गावातच’ हेच तिचे देशी रूप होय. स्वयंपूर्ण खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत जे उत्तर दिले, ते आपण विसरता कामा नये. खेडे हे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर आहे, असे त्यांनी बजावले. ज्याचे घर वेशीबाहेर आहे, त्याला गावच्या पंचांची स्वायत्तता ही कैद असते आणि गावाबाहेरच्या कचेरीची पायरी हा आधार असतो. म्हणून कोणी बलदंड आपल्या स्वायत्ततेची स्तुती करू लागला, की पहिला प्रश्न हाच विचारावा : या स्तुतीतून त्याची काय सुटका होत आहे?

कार्बाइडची सुटका कशी झाली ते पाहा. भारतीय न्यायालयाचा निकाल कंपनीने पाळावा, अशी अट कीनन यांनी घातली होती. जानेवारी १९८७ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने ती काढून टाकली. डिसेंबर १९८७ मध्ये भोपाळच्या जिल्हा न्यायालयाने ३५० कोटी रुपयांची अंतरिम मदत देण्याचा आदेश दिला. एप्रिल १९८८ मध्ये उच्च न्यायालयाने ती २५० कोटींवर आणली. कंपनी त्याविरुद्धही सर्वोच्च न्यायालयात गेली. आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये तेथे तडजोड झाली : ४७ कोटी डॉलर. सरकारने मागितले होते तीनशे कोटी डॉलरांहून अधिक. ज्यांची फुप्फुसे जळाली, त्यांना या तडजोडीआधी कोणीही विचारले नाही. हिशेबात सुमारे ३,००० मृत्यू धरले होते. पुढे ५,२९५ मृत्यूंबद्दल आणि एकूण साडेपाच लाखांहून अधिक माणसांना भरपाई द्यावी लागली. मूळ रकमेचा भागाकार केला, तर माणशी साडेआठशे डॉलरच्या आसपास पडतात.

धोकादायक उद्योग चालवणाऱ्यावर कोणतीही सबब न चालणारी पूर्ण जबाबदारी असते, हे तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये दिल्लीच्या श्रीराम प्रकरणात मांडले होते. भोपाळच्या दाव्यात ते कसोटीला लागलेच नाही. तडजोडीने तो प्रसंगच टाळला.

फौजदारी खटल्यात तर सोंग पुरते उघडे पडले. भारतीय न्यायालयांची तारीफ करणारी ही अमेरिकन कंपनी भोपाळच्या आरोपीच्या पिंजऱ्यात कधी उभी राहिली नाही. तिचे अध्यक्ष वॉरन अँडरसन डिसेंबर १९८४ मध्ये जामिनावर सुटून गेले ते परत आले नाहीत. १९९२ साली ते फरारी घोषित झाले आणि २०१४ साली अमेरिकेत वारले. जून २०१० मध्ये सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. वाढीव भरपाईसाठी सरकारने केलेला अखेरचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने १४ मार्च २०२३ रोजी फेटाळला.

कारखान्याच्या कचऱ्याने भूजल नासले, त्यासाठी वस्तीतील माणसे पुन्हा अमेरिकेच्या न्यायालयात गेली. २०१२ ते २०१६ च्या दरम्यान तेथे निकाल लागला की, कारखाना भारतीय कंपनीचा होता, मूळ कंपनी जबाबदार ठरत नाही. हे वाचताना मला विराट पुरुषाची कल्पना आठवते. मस्तक कनेक्टिकटमध्ये आणि पाय भोपाळमध्ये. नफा पायाकडून मस्तकाकडे चढतो; पाप मात्र पायाशीच थांबते. मस्तकाला विटाळ होत नाही. वर्णव्यवस्थेचे व्याकरण आपण पिढ्यानपिढ्या सोसले आहे; कंपनी कायद्याच्या इंग्रजीत ते आपल्याला ओळखू आले पाहिजे.

काही मित्र म्हणतील, अमेरिकेचे न्यायालय तरी भांडवलाचेच ना? खरे आहे. तेथे न्याय मिळालाच असता, असा माझा दावा नाही. माझी मागणी एवढीच आहे की, ज्या वाटेने नफा जातो त्या वाटेने जबाबदारीही गेली पाहिजे. अशा कंपन्यांना बांधून ठेवणारा करार करावा, असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने जून २०१४ मध्ये केला. पण त्याच्या मसुद्याची चर्चा अजून संपलेली नाही. ती चर्चा जिनिव्हातील तज्ज्ञांवर सोडून चालणार नाही. आपल्या अभ्यासमंडळांनी असे निकाल मराठीत आणावेत, वस्तीत वाचावेत, आणि ‘सोय’ हा शब्द जेथे येईल तेथे बोट ठेवून विचारावे : कोणाची?