काळी पाचची पट्टी

गेल्या जानेवारीत आमच्या बुलडाणा जिल्ह्यात, घाटावरच्या एका तालुक्याच्या गावी लोकगीत गायनाची स्पर्धा झाली. तिच्या निकालपत्रावर तीन परीक्षकांच्या सह्या आहेत. तिसरी सही माझी. दुसऱ्या फेरीत जो शाहीर मुलगा बाद झाला, त्याला बाद करणे चूक होते असे माझे मत तेव्हाही होते. मी त्याला जास्त गुण दिले, पण बेरजेत ते बुडाले आणि मी निमूटपणे सही केली. हा लेख म्हणजे त्या सहीचा उशिरा दिलेला खुलासा आहे. मुलाचे, गावाचे किंवा सहपरीक्षकांचे नाव इथे देत नाही, कारण भांडण माणसांशी नाही.

मुलगा बावीस वर्षांचा. घरात शाहिरी तिसऱ्या पिढीची. त्याच्या पार्टीत चुलता तुणतुणे धरतो आणि दोन चुलतभाऊ झील ओढतात. स्पर्धेचा नियम असा की साथीदार आणायचे नाहीत, साथ आयोजकांच्या कीबोर्डची आणि वेळ चार मिनिटे. मुलाने जिजाऊंचा पोवाडा निवडला. सिंदखेडराजा आमच्याच जिल्ह्यात, तेव्हा निवड साहजिक होती. कीबोर्डवाल्याने पट्टी विचारली. त्याने सांगितले, काळी पाच. एवढ्या वरून कशाला, काळी दोन घे, असा सल्ला त्याला तिथेच मिळाला. त्याने मानला नाही.

माझ्या सहपरीक्षकांचे आक्षेप तीन होते. तो गात नाही, आवाज फेकतो. त्याचा सूर चढतो. आणि दोन्ही फेऱ्यांत त्याने एकाच जातीचे गायले, वैविध्य नाही. दोघेही संगीताचे रीतसर शिक्षण घेतलेले. मी बँकेत कारकुनी करत जे जमेल ते वाचून शिकलेला. म्हणून घरी आल्यावर मोबाइलवरचे ध्वनिमुद्रण लावून हे आक्षेप एकेक करून तपासले.

पहिला आक्षेप आवाज फेकण्याचा. शाहिरी, भजन, गोंधळ हे गाणे उघड्यावर वाढले. समोर यात्रेची किंवा सभेची माणसे, मध्ये पोरांचा गलका, आणि शेवटच्या माणसाला शब्द कळलाच पाहिजे, कारण पोवाडा म्हणजे आधी हकीकत. माणसाचा कान सर्वांत तिखट असतो तो साधारण दोन ते पाच हजार कंपनांच्या पट्ट्यात. ज्या आवाजात तिथे जोर असतो तो गर्दीतूनही निघून जातो. स्वीडनचे संशोधक योहान सुंडबर्ग यांनी युरोपातल्या ऑपेरा गायकांच्या आवाजात तीन हजार कंपनांच्या आसपास असाच जोर दाखवून दिला. वाद्यवृंदावरून त्यांचा आवाज ऐकू येतो तो त्यामुळे. ऑपेरावाला गळा घडवतो एका रीतीने, शाहीर दुसऱ्या रीतीने. पण दोघांपुढची अडचण एकच, माइकशिवाय पोचायचे कसे. अमर शेख गिरणी कामगारांच्या सभांत गायचे ते याच बळावर. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांनी विदर्भातली मैदाने भारली तीही अशाच खड्या आवाजाने. त्या आवाजाच्या तोंडाशी माइक धरायला लावून 'ओरडतो' म्हणणे मला पटत नाही. माइक हातभर लांब करता आला असता. मशीनवरचा आवाज दोन घरे खाली आणता आला असता. ते न करता आम्ही मुलाचे गुण खाली आणले.

दुसरा आक्षेप सूर चढण्याचा, आणि तो गंभीर. मी मोबाइलमधला ट्यूनर लावला. पोवाड्याच्या चालीत कोमल गंधारावर लांब ठेहराव आहे. तिथे सुई दर वेळी कीबोर्डच्या पट्टीपेक्षा पंधरा सेंटच्या आसपास पुढे जात होती. लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर एक भाग म्हणजे एक सेंट. आता गणित पाहू. कीबोर्डवर सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, म्हणून त्याचा कोमल गंधार षड्जापासून बरोबर तीनशे सेंटवर. षड्जाच्या तारेशी सहास पाच या प्रमाणात मिळणारा नैसर्गिक कोमल गंधार मात्र सुमारे तीनशे सोळा सेंटवर येतो. जन्मापासून तुणतुण्याची एकच तार कानाशी घेऊन गाणारा मुलगा त्या तारेशी मिळणाराच गंधार लावणार. आम्ही ज्याला चढलेला सूर म्हटले तो तुणतुण्याशी जुळत होता. जुळत नव्हता तो कीबोर्डशी.

एक कबुली इथेच देतो. तार षड्जावर तो दोनदा स्पष्टपणे वर गेला. षड्जाला दुसरे माप नसते. तेवढ्यापुरते माझे सहपरीक्षक बरोबर होते आणि ते गुण कापायलाच हवे होते. झीलकरी असते तर त्यांनी तो षड्ज धरून ठेवला असता, हे खरे असले तरी नियम त्याने मान्य केला होता.

पट्टीचा हा प्रश्न नवा नाही. मार्च १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. कारण हेच की तिचे ठरीव स्वर आपल्या गाण्यातल्या श्रुतींना न्याय देत नाहीत. १९७१ पासून ती बंदी सैल होत गेली. त्या तीस वर्षांत गावोगावच्या भजनी मंडळांत पेटी वाजतच होती, आणि तिथे एक शहाणपण होते. गाणारे तापले, सूर वर सरकला की पेटीवाला मुकाट्याने पट्टी बदलून त्यांच्या मागे जायचा. वाद्य माणसाच्या मागे चालायचे. आमच्या स्पर्धेत माणसाला वाद्याच्या मागे चालायचे होते, आणि ही उलटापालट आम्हा तिघांपैकी एकालाही तेव्हा जाणवली नाही. मलाही नाही. मी जास्त गुण दिले ते अंगावर काटा आला म्हणून, हे गणित कळले म्हणून नव्हे.

परीक्षेचा हा कान घडला कसा, याचाही माग घ्यायला हवा. १९५२ मध्ये बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि रेडिओवरच्या कलावंतांची स्वरचाचणी घेऊन त्यांना श्रेणी देण्याची पद्धत आली. पंडित श्री. ना. रातंजनकरांसारखे विद्वान त्या चाचणी मंडळावर होते. तरी कलावंतांनी तिला विरोध केला. हेतू चांगला होता, अभिजात संगीताला सरकारी आसरा मिळाला. पण बंद खोलीत, थोड्या मिनिटांत, एकट्या माणसाला ऐकून त्याची श्रेणी ठरवता येते, ही समजूत तिथून पक्की होत गेली असे माझे अनुमान आहे. दूरचित्रवाणीच्या स्पर्धा त्याच वाटेने गेल्या. कलगी-तुऱ्याचा सामना याच्या अगदी उलट. तिथे रात्र सरते, सवालाला जवाब द्यावा लागतो, आणि कोण हरला हे समोर बसलेल्या माणसांना कळते. सुराबरोबर हजरजबाबीपणा आणि पुराणांची माहितीही तिथे पणाला लागते.

तिसरा आक्षेप वैविध्याचा. पोवाड्यात वैविध्य असते, पण ते आतले. चाल बदलते, मध्येच गद्य येते, वीररसातून शाहीर करुणेत उतरतो. त्याला अर्धा तास लागतो. आम्ही दिली चार मिनिटे, आणि चार मिनिटांत एकच रस दिसला म्हणून गुण कापले. वैविध्याची ही अट दूरचित्रवाणीवरून आली. तिथे दर आठवड्याला नवा पाहुणा, नव्या संगीतकाराची गाणी, आणि स्पर्धकाने सगळ्या साच्यांत बसायचे. 'इंडियन आयडॉल'च्या बाराव्या पर्वात राजस्थानातल्या नागौरचा, कठपुतळीचा खेळ करणाऱ्या घरातला सवाई भाट जून २०२१ मध्ये बाहेर पडला. तो मतांच्या अभावी गेला, परीक्षकांनी काढला नाही, हे खरे. तरी वाळवंटात घडलेल्या गळ्याला चित्रपटगीतांच्या रांगेत उभे करून मोजायचे, ही त्या कार्यक्रमाची रचनाच होती.

याला उलटे उदाहरण आपल्याकडेच आहे, आणि ते लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. 'सारेगमप लिटल चॅम्प्स'मध्ये फेब्रुवारी २००९ मध्ये आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली. गवळण आणि अभंग हा तिच्या घरचा ठेवा. तिने तो सोडला नाही आणि लोकांनी तिला मते दिली. म्हणजे दूरचित्रवाणीवर लोकगायकाला जागाच नाही, असे म्हणता येत नाही. अमेरिकेत तर खेड्यापाड्यांतून वाढलेल्या 'कंट्री' गाण्याला 'नॅशव्हिल स्टार' ही स्वतंत्र स्पर्धा मिळाली. तिच्या २००३ च्या पहिल्या पर्वात मिरांडा लॅम्बर्ट तिसरी आली आणि पुढे त्या प्रांतातली अग्रगण्य गायिका ठरली. घरच्या परीक्षेतही माप चुकते. मग परक्या परीक्षेत निकाल देताना हात किती जपून चालवायला हवा?

एवढा ऊहापोह एका तालुक्याच्या स्पर्धेसाठी कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर मला मे महिन्यात मिळाले. घाटाखाली एका नातेवाइकाच्या हळदीला गेलो होतो. तिथे तोच मुलगा गात होता. कराओके ट्रॅकवर, काळी दोनमध्ये, ओठांना माइक लावून, मऊ आवाजात चित्रपटगीते. बरा गात होता. सूर कुठेही चढला नाही. मध्ये जेवणाच्या वेळी भेटला. डफ घरी खुंटीला आहे म्हणाला. चुलता रागावला आहे, पण सुपाऱ्या ट्रॅकवाल्यालाच मिळतात. मग जरा थांबून त्याने विचारले, "सर, माही काळी पाच चुकीची होती का?"

मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत बोललो. आता नीट सांगतो. तुझी पट्टी बरोबर होती. तुझा कोमल गंधारही बरोबर होता. तार षड्ज दोनदा चढला, तो मेहनतीने बसेल. चुकले आमचे. लोकगीताची स्पर्धा म्हणवून आम्ही तुझी माणसे दाराबाहेर ठेवली आणि मग तुला एकट्याला ऐकून उणे काढले.

आयोजकांना मी पत्र लिहिले आहे. पुढच्या वर्षी एक फेरी उघड्या मैदानावर, ज्याच्या-त्याच्या साथीदारांसह, ट्रॅकशिवाय घ्यावी. वेळ निदान वीस मिनिटे असावी. तीन परीक्षकांपैकी एक जण आयुष्यभर डफ वाजवलेला म्हातारा शाहीर असावा. त्याच्यासाठी माझी खुर्ची रिकामी करतो, असेही त्यात लिहिले आहे.